खुंटीवरची थैली

बाबा, आज दुपारी चारच्या आत मला एक अहवाल पाठवायचा आहे आणि सकाळपासून मी त्यातली एकच ओळ लिहिते आहे आणि पुसते आहे. दुसरबीडच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात बसले आहे, कारण फोनला रेंज फक्त ओट्याच्या कोपऱ्यात मिळते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मेहकरला झालं, पट्टी सुटली, आणि आता ती काळा चष्मा लावून घरभर फिरते आणि भिंतींचा रंग इतका उडालाय हे मला कोणी सांगितलं काऊन नाही म्हणून सगळ्यांवर चिडते. मी हसते. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याहून नुकतीच सिंगापूरला गेले होते, साधी प्रोग्राम लिहिणारी. आता ॲमस्टरडॅमला असते आणि प्रोग्राम लिहिणं केव्हाच सुटलं. आता मी लोकांना ‘करा’ किंवा ‘थांबा’ एवढंच सांगते. ‘करा’ जास्त वेळा सांगते, आणि लवकर सांगते. हिला विचारा, ही लगेच निर्णय देते, असं माझं नाव झालं आणि त्याच नावावर मी एकेक पायरी वर चढले.

तुम्हाला समजेल असं सांगते. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत चालतं. कोणत्या पेशंटला कोणतं औषध, किती वाजता, हे नर्सला त्यावर दिसतं. गेल्या आठवड्यात ही सगळी माहिती जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायचं काम चाललं होतं. ते काम दुसऱ्या एका टीमकडे होतं, आणि ते संपेपर्यंत मध्ये कोणी हात घालू नये म्हणून कुलूप लावलेलं असतं. लोखंडाचं नाही, पण कुलूपच. ते काढायची परवानगी द्यायची मी. माझ्या टीममध्ये एक पोर्तुगालचे गृहस्थ आहेत, माझ्याहून वयाने बरेच मोठे, शांत, डब्यात रोज तोच पाव आणि तेच चीज आणणारे. त्यांनी फोन केला, पलीकडचं काम झालेलं दिसतंय, कुलूप काढू का? मी तेव्हा मेहकरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. आईचा नंबर येत होता, तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हणाले, काढा. पलीकडच्या टीमला एक फोन करायचा होता, तो केला नाही. काम झालेलं नव्हतं. चार तास दवाखान्यांचे स्क्रीन कोरे पडले आणि नर्सांनी कागदावर, आठवणीवर निभावून नेलं. कोणाला काही झालं नाही, असं आतापर्यंत तरी कळलंय.

अहवालात ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलंय, ‘काम पूर्ण झाल्याची खात्री न करता इंजिनिअरने कुलूप काढले.’ यात खोटं काहीच नाही, आणि म्हणूनच ती ओळ मला सोडत नाही. माझ्या वरचे साहेब म्हणाले, फोनवर काय बोलणं झालं ते कशाला लिहायचं, अहवाल सुटसुटीत असू दे. पुढच्या महिन्यात सगळ्या इंजिनिअरांची प्रमुख म्हणून माझं नाव जायचं आहे. आणि ते पोर्तुगीज गृहस्थ? मला आधी विचारलं होतं हे त्यांनी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. त्या वयात नोकरी गेली तर दुसरी कोण देणार त्यांना? ते गप्प आहेत, याची मला भीती वाटते. एवढ्या गप्प बसणाऱ्या माणसाला मी आधीही एकदा पाहिलं आहे.

वीज मंडळाच्या नोकरीत खांबावर काम असलं की तुम्ही विहारामागच्या डीपीतले चिनीमातीचे तिन्ही फ्यूज काढून खाकी थैलीत टाकायचात आणि थैली स्वतःच्या खांद्याला लावायचात. मग सोबतचे वायरमन काका वर चढायचे. थैली तुमच्या खांद्यावर आहे तोवर सरपंच आला तरी गावात वीज सुरू होणार नाही, हा तुमचा नेम होता. ज्यानं काढले त्यानंच लावायचे.

उन्हाळ्यातली दुपार आहे. मी पाचवीत. गिरणीत आपला ज्वारीचा डबा रांगेत सगळ्यात पुढे लावून मी घरी आले आहे, कारण लाइन नाही. काका खांबावर आहेत, तुम्ही दोर न्यायला घरी येता, आई म्हणते, दोन घास खाऊन जा. तुम्ही थैली खुंटीला अडकवता आणि मागच्या अंगणात हातपाय धुवायला जाता. इतक्यात गिरणीवाले दारात. “काम झालं का वं लाइनीचं? लोकं डबे घिऊन बसून राह्यले.” मला माहीत नाही. अंगणात जाऊन विचारायला दहा पावलं लागली असती. पण एवढा मोठा माणूस मला विचारतोय, अख्ख्या गावाची वीज या घडीला माझ्या हातात आहे, आणि मला काय गुदगुल्या होतात म्हणून सांगू! “हाव, झालं,” मी म्हणते, “बाबानं सांगतलं, घिऊन जाय म्हने.” आणि स्टुलावर चढून थैली काढून देते. फ्यूज लावायला गावात अर्ध्या लोकांना येतं. थोड्या वेळानं डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. तुम्ही ओल्या हातानं आत आलात, पंख्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे पाहिलं, आणि अनवाणी धावत सुटलात.

काका वाचले. हात भाजला, खाली पडून मांडीचं हाड मोडलं, आणि ते कायमचे लंगडे झाले. चौकशीला साहेब आले ते आपल्याच खाटेवर बसले. गिरणीवाले म्हणाले, थैली पोरीनं देली. मी आईच्या मागे उभी होते. तुम्ही म्हणालात, “पोरीच्या हातून म्याच देली, साहेब. काम झालं असं वाटलं मले.” आठ महिने निलंबित राहिलात, लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरलात. आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत. रागावला असतात, एक चापट मारली असती तरी मी सुटले असते. तुम्ही फक्त जुनी खुंटी उपटून दुसरी ठोकलीत, स्टुलावर चढूनही माझा हात पोचणार नाही इतकी वर. ती अजून तिथेच आहे. आता तिच्यावर आईची बाजाराची पिशवी असते, म्हणजे मी आले की मीच अडकवते, एरवी ती दाराशी पडलेली असते.

एवढं लिहून झालं आणि दुपारी काका आईला पाहायला आले, काठी टेकत. “लय मोठी साहेबीन झाली म्हनते तू,” म्हणाले. मग त्या खुंटीकडे पाहत म्हणाले, “म्या आजवर मानलं नाही पोरी. तुहा बाप काम झाल्याबिगर फ्यूज देनारा मानूस नव्हता. इतके वर्ष जोडीनं काम केलं. पन त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं, मंग म्या काय बोलू?” आईनं काळा चष्मा सारखा केला. माझ्या हातात कप होता. मी विचारलं, “साखर चालते का, काका?” ते म्हणाले, चालते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी चमच्यानं साखर ढवळत राहिले.

ते गेल्यावर मी पुन्हा अहवाल उघडला. ती ओळ पुसली. लिहिलं, ‘कुलूप काढण्याची परवानगी मी फोनवर दिली. इंजिनिअरने मला विचारले होते. पलीकडच्या टीमकडे खात्री मी केली नाही.’ तीन वाक्यं लिहायला तासभर लागला. चारला दहा मिनिटं असताना पाठवून दिला आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. साहेबांचा निरोप आला आहे, ‘मला फोन कर’, एवढाच. अजून केलेला नाही. प्रमुखपद बहुतेक गेलं, नोकरीचंही काही खरं नाही.

आईनं विचारलं, “गेलं काय तुहं ते?” मी म्हणाले, हाव. “मंग आता काकाच्या घरी जाऊन ये,” ती म्हणाली, “मी ताट वाढत होती त्या दिवशी. आयकलं होतं म्या.” एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. तुम्हा दोघांना माहीत होतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून मला शिकवलंत, पुण्याला पाठवलंत, विमानतळावर सोडायला आलात. मी चपला घातल्या आणि निघाले.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आईला आता बारीक अक्षरही वाचता येतं. ते माझ्या बॅगेत, पासपोर्टच्या कप्प्यात परत जाईल. एवढं मात्र तुम्हाला सांगायला हवं. मी काकांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. ते घरापुढच्या ओट्यावर बसलेले दिसत होते, काठी बाजूला ठेवलेली. तिथूनच परत फिरले, आणि घरी येऊन आईला सांगितलं, काका घरी नव्हते.