पाच अक्षरं, शेवटी ई

प्रिय रत्नपाल,

फोन हाताशी असताना ताईला पत्राची हौस कुठून आली, असं तू बायकोला, प्रियंकाला म्हणशील. हौस नाही रे. आपल्या घरात फोन हा सगळ्यांचा असतो, मी शाळेत आले तरी तो आईजवळच राहतो. मी नंबर लावला की तुझी लेक आकांक्षा मला चिकटून बसते आणि आई बाजेवरून "स्पीकर लाव की गं" म्हणून ओरडते. मला जे सांगायचंय ते या दोघींच्या देखत सांगता येत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहिते आहे.

तू दर वेळी विचारतोस, भूकंपाचे हादरे कमी झाले का? आणि मी झाले म्हणते. नाही झाले. आधी तो आवाज येतो, भरलेला ट्रक अंगणाखालून जावा तसा, आणि मग मांडणीवरची भांडी वाजायला लागतात. तहसीलची माणसं सांगून गेली म्हणून मी पत्र्यांवरचे दगड उतरवून घेतले. आता नुसता वारा सुटला तरी पत्रे धडधडतात आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहतो. आई झोपते त्या भिंतीला कोनाड्यापासून खाली चीर गेली आहे. दगडमातीची भिंत ती, किती दम धरणार? मी चीर लिंपली, ती पुन्हा उघडली. हेही मी तुला सांगितलं नव्हतं. तू तिकडे चाकणला रात्रपाळीत मशीनवर उभा असतोस, तिथं तुझ्या जिवाला घोर कशाला, असं वाटायचं.

शाळेतल्या आमच्या खेळाचं मात्र मी तुला कौतुकानं सांगितलं होतं. पहिल्या मोठ्या हादऱ्याला लेकरं दारात एकमेकांवर पडली, फुलसिंगच्या पोराचा ओठ फाटला. तेव्हा मी ही युक्ती काढली. आवाज आला की मी ओरडायचं, "पाच अक्षरं, शेवटी ई!" की लेकरांनी रांगेनं पटांगणात पळायचं आणि पळता पळता असा इंग्रजी शब्द शोधून ठेवायचा. बाहेर आल्यावर एकेकानं स्पेलिंगसकट सांगायचा. हाऊस, टेबल, ॲपल, हॉर्स, नाईफ. बोटांवर अक्षरं मोजायची आणि शेवटचं अक्षर बघायचं म्हटलं की डोक्यात भीतीला जागा उरत नाही. लेकरांचं जाऊ दे, माझ्याही उरत नव्हती. शब्द सांगण्यात तुझी पोरगी सगळ्यात पुढं असायची. सगळे टेबलावर अडलेले असताना ती 'नाईफ'मधला के मोजून दाखवायची.

मग ते नवे केंद्रप्रमुख आले. चौथीचं इंग्रजी बघू म्हणाले. खडू हातात घेऊन, अगदी प्रेमानं, त्यांनी विचारलं, "पाच अक्षरांचा, शेवटी ई येणारा एखादा शब्द सांगा बरं." वर्ग क्षणात मोकळा! लेकरं पटांगणात, आणि त्यांना पळताना पाहून साहेबही पटांगणात. त्यांची एक चप्पल उंबऱ्यातच राहिली. सारं गाव हसलं. मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तूही पोट धरून हसलास. आणि शेवटी मी म्हणाले, एकटी तुझी आकांक्षाच जागेवर बसून होती, तिला बरोबर कळलं की हादरा नाही, नुसता प्रश्न आहे. "माझ्यावर गेलीय, हुशार आहे," असं म्हणून तूही खूश झालास.

रत्नपाल, तिला ते कळलं नव्हतं.

काल तिची वेणी घालताना मी सहज विचारलं, तुला कसं गं समजलं की जमीन हललेली नाही? ती म्हणाली, "आत्या, मला बी वाटलं हादराच हाय." मग पळाली काहून नाहीस? तर कशी म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "शाळेत पळायची सवय लागली ना, तर घरी बी पाय आपोआप पळतील. मंग आजी एकटी राहील. आजीला उठता येत न्हाई. म्हणून म्या न पळायची सवय करून राहिले."

मी तिच्यावर ओरडले, मग तिला पोटाशी धरलं, मग पुन्हा ओरडले. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण पळीन असं काही म्हणाली नाही. आईला सांगितलं, तर आईच्या डोळ्यांत पाणी. "बघ, पोरगी मला सोडून जात न्हाई," असं तिनं शेजारच्या रूपाबाईला बाजेवरूनच हाक मारून कौतुकानं सांगितलं. आईला त्यात माया दिसते. मला ती चिरलेली भिंत दिसते आणि तिच्याखाली बाजेला धरून बसलेली नऊ वर्षांची पोर दिसते. मला शाळा आवरून घरी पोचायला सांज होते, तोवर त्या दोघीच असतात. आता भांडी वाजली की मला हादऱ्याची नाही, तिच्या शांतपणाची भीती वाटते. पळायचं मी शिकवलं. न पळायचं ती आपलं आपण शिकली, आणि ते कसं मोडायचं हे मला येत नाही.

हे पत्र मिळालं की ये. पोरीला न्यायला म्हणून येऊ नकोस, ती आजीला सोडून येणार नाही आणि ओढून नेलीस तर तिकडे झुरेल. आईला न्यायला ये. ती म्हणेल, तुझ्या एका खोलीत माझी अडचण कशाला, तिथं म्या कुनाशी बोलू, मला इथंच मरू दे. माझं ती ऐकत नाही, लेकाचं ऐकते. पाया पड, रागाव, खोटं बोल, काहीही कर, पण तिला उचलून गाडीत बसव. आई बसली की आकांक्षा तिच्या मांडीवर चढेलच. माझी काळजी करू नकोस, मला पळता येतं. "बघू, सुट्टी मिळते का" असं या वेळी म्हणू नकोस, रत्नपाल. या रविवारीच ये.

तुझीच,
करुणाताई