दसऱ्याला बंद केलेलं मशीन

२ ऑक्टोबर, दसरा
मशीन पुन्हा सुरू होत नाही!

आयुष्यभर कापडाच्या लूमवर दसऱ्याला हेच केलं — मेन स्विच बंद, फडक्याने पुसायचं, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. नात देवळात गेली होती. तिच्या कॉम्प्युटरलाही तेच केलं. प्लग ओढला, पुसला, कुंकू लावलं, प्लग परत घातला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. घाईघाईने कुंकू पुसलं, हार खिडकीतून टाकला.

धनश्रीने बजावलं होतं — "आबा, हे बंद नका करू. कधीच." मला वाटलं, दसरा सोडून!

३ ऑक्टोबर
सकाळपासून ती त्याच्यापुढे बसून आहे. "माझंच काहीतरी चुकलं असेल." पोर स्वतःला दोष देत होती आणि मी चहा पीत होतो. 

तिच्या कॉम्प्युटरवर जे चालतं, त्याला लिनक्स म्हणतात. मोठ्या कंपन्यांची मशीनं त्यावर चालतात, ती सांभाळायची नोकरी असते. मुलाखत याच महिन्यात. तिथे स्वतः सांभाळलेलं, चालतं मशीन दाखवायचं आहे. नवागामच्या कामगार वस्तीतल्या या खोलीतून बाहेर पडायची तिची एवढीच वाट — आणि मी तिचा प्लग ओढला.

शेजारच्या प्रमिलाबाईने, तीच आमचं जेवण बघते, सगळं पाहिलं होतं. आज भाकरी वाढताना म्हणाली, "सांगी टाका पोरले." सांगतो म्हणालो.

५ ऑक्टोबर
सांगायच्या ऐवजी पुस्तक आणायला गेलो. चौकात जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. मी सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं जुळवत बसलो. दुकानदार गुजरातीत म्हणाला, हसत — "काका, आ उंमरे भणवानुं?" या वयात कुठला शिकतो, नातीसाठी म्हटलं. त्याने एक कोरं करकरीत काढून दिलं.

धनश्रीने चाळलं. "आबा, यात मशीन नवीन कसं बसवायचं तेवढंच आहे. बिघडल्यावर काय करायचं ते नाही." मग माझं तोंड बघून — "पण आणलंत ना. राहू द्या." ते 'राहू द्या' फार लागलं.

६ ऑक्टोबर
सांगायला उठलो. ती फोनवर होती. परत बसलो.

८ ऑक्टोबर
पुन्हा चौकात. या वेळी नावं वाचलीच नाहीत फारशी, लिनक्स एवढं बघितलं आणि मग पानांच्या कडा बघितल्या. आमच्या कारखान्यात मारुती फिटर होता. त्याच्या लूमच्या पुस्तकात जिथे बिघाड, तिथली पानं तेलाच्या बोटांनी काळी. कोरं पुस्तक म्हणजे कोणाच्या कामाला न आलेलं. एक जाडं सापडलं, पाठ फाटकी, आणि मिटलेलं असूनही मधोमध काळपट पट्टा! दुकानदार म्हणाला, "नवुं मूकीने आ गंदुं लो छो?" नवं सोडून मळकंच घेतलं.

धनश्रीने नेमकं तेच काळं पान उघडलं. वाचता वाचता थांबली. "आबा, चालत्या मशीनची वीज अचानक गेली की असं होतं, म्हणे." माझ्याकडे पाहिलं.

"लाईट गेली असेल," मी म्हणालो.

खोटं बोललो! या वयात, या पोरीशी!

९ ऑक्टोबर
चालू झालं! पुस्तक मांडीवर घेऊन तिने एकटीने केलं. ओरडली केवढ्याने! प्रमिलाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

१५ ऑक्टोबर
नोकरी मिळाली. पाया पडली — "आबा, तुमच्या पुस्तकामुळे." मी पाय मागे घेतले. पेढा न खाता ताटलीत परत ठेवला.

२६ ऑक्टोबर, लाभपाचम
दिवाळीला बंद ठेवलेली लूमं आज मुहूर्तावर सुरू झाली. सकाळी धनश्रीने तिचं मशीन बंद केलं — सावकाश, जसं करायचं तसं. मग प्लग काढून माझ्या हातात दिला. शेजारी ताट मांडलेलं. हळद, कुंकू, झेंडूचा हार.

"आबा, आता करा पूजा. त्या दिवशीचं कुंकू अजून मशीनच्या पंख्याच्या जाळीत आहे."