वर सरकवलेली ओळ

प्रिय मास्तर,

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे. पत्ता त्यांनीच दिला. तू हल्ली मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसतोस आणि कॉम्प्युटरचा विषय निघाला की उठून जातोस, हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून डोकं फिरलं माझं.

मॉनिटर अडकल्याचा दोष घेऊन तू राजीनामा देऊन गेलास आणि थोड्याच दिवसांत आपल्या कंपनीचा तोच पेशंट मॉनिटर पुन्हा अडकला. हॉस्पिटलात पेशंट तारा काढून बाथरूमला गेला, खाट रिकामी, आणि पडद्यावर त्याच्या नाडीचा आकडा तसाच, ठणठणीत. नर्सचं लक्ष गेलं म्हणून कळलं. खाटेवर कुणी अत्यवस्थ असतं तर काय, हा विचार डोक्यात आला की मला जेवण जात नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी मागचंच वाक्य पुन्हा म्हटलं, मास्तरच्याच कोडमध्ये असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू नव्हतास, तेव्हा तुझ्या नावावर खपवायला सोपंच होतं.

मग मी तुझा कोड घेऊन बसले. कर्नेलमधली, म्हणजे मॉनिटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममधली, ती जागा तुला मी काय सांगणार, पण इथे ज्याला त्याला समजावून आता ती माझ्या तोंडात बसली आहे. कुठल्या कामाने कशासाठी थांबायचं हे सांभाळणाऱ्या छोट्या नोंदींची, म्हणजे ऑब्जेक्टांची, एक यादी. यादीला लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच तिला हात लावायचा. कर्नेलने एकेक ऑब्जेक्ट तपासत पुढे जायचं. पण तपासणीला वेळ लागतो, आणि तोवर लॉक अडवून ठेवलं तर बाकीचं सगळं खोळंबतं. म्हणून लॉक मध्येच सोडावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचं ऑब्जेक्ट, पकडून ठेवलं नसेल तर, दुसरं कुणी पुसून टाकू शकतं. तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं: लॉक परत घ्यायचं, पुढचं ऑब्जेक्ट पकडायचं, आणि मगच आधीचं सोडायचं. आत्ताच्या कोडमध्ये ती सोडण्याची ओळ वर सरकली आहे. आधी सोडतो, मग पुढचं शोधतो. दरम्यान ते सोडलेलं पुसलं गेलं असेल, तर कर्नेल नसलेल्या जागी जाऊन भरकटतो आणि पडदा आहे तिथे थिजतो.

ओळ सरकवली कुणी, ते जुन्या बदलांची नोंद उघडून बघितलं तर निघाले आपले साहेब. कोड नीटनेटका करत होते म्हणे. मी ते सगळ्यांसमोर पडद्यावर लावलं. मग साहेब चष्मा पुसत म्हणाले, हो, हे मीच केलेलं दिसतंय. त्यांच्यावर ओरडायचं ठरवून मी गेले होते, पण चेहरा बघून तेही जमलं नाही.

त्यामुळे सगळा राग आता तुझ्यावर आहे. साहेब चुकले, ठीक आहे, माणूस चुकतो. पण तू? तुझाच कोड, आणि तू तो एकदा उघडूनही बघितला नाहीस. असेल माझंच चुकलं, एवढं पुटपुटलास आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून निघालास. आम्हा सगळ्यांना शिकवताना, आधी पुरावा दाखवा मग बोला, म्हणून डोकं खायचास. स्वतःच्या वेळी कुठे गेला तो पुरावा? वहिनींना मी सगळं समजावलं, तर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, हे तुम्ही त्यांनाच सांगा, माझं ते ऐकत नाहीत.

म्हणून सांगते आहे. साहेब येत्या आठवड्यात तुझी माफी मागायला दुकानावर येणार आहेत. त्यांना उभं ठेवू नकोस. परत कामावर ये असा आग्रह मी करणार नाही, फरशा विकायच्या असतील तर खुशाल विक. पण दुरुस्ती मी लिहिली आहे आणि तपासणाऱ्याच्या जागी तुझं नाव घातलं आहे. सगळ्या हॉस्पिटलांत तूर्त ओळ सरकण्याआधीची जुनी आवृत्ती परत चढवली आहे, तेव्हा कुणाच्या जिवाला धोका नाही. मास्तरने बघितलंच नाही तर काय करायचं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, मग थांबायचं. सोबत कागदावर छापून पाठवते आहे, म्हणजे कॉम्प्युटरला हात लावायची सबब नको. वाच, चूक असेल तिथे लाल रेघ मार, आणि बरोबर असेल तर खाली सही कर. ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

अजून चिडलेली, पण तुझीच,
भांडकुदळ