सुपेल्याच्या न्हाव्याची अर्धी दाढी

बाबा, आज सकाळी दाढी करताना पुन्हा तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तो निवायला पाहिजे. पण हनुवटीखाली वस्तरा नेला की तो रविवार आठवतो आणि डोकं फिरतं.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याची भट्टी उभी राहत होती आणि तुम्ही तिथं लोखंड चढवायच्या कामावर होता. मला दाढी फुटली होती. मला सुपेल्याच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसून ती करवून घ्यायची होती. तुम्ही म्हणालात, "कावून? घरी वस्तरा हाय ना." घरी वस्तरा का होता, तेही तुम्हीच सांगायचे. लग्नाच्या दिवशी गावच्या न्हाव्यानं तुम्हाला दारातून हाकललं होतं. "माहा वस्तरा बाटते," म्हणाला. मग आजोबांनी विळ्यानं तुमचे गाल खरडले आणि तुम्ही तशाच रक्ताळलेल्या तोंडानं मांडवात उभे राहिलात. त्यानंतर तुम्ही स्वतःचा वस्तरा घेतलात. सांगताना तुम्ही हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

आणि त्याच न्हाव्याला तुम्ही घरी आणलंत. गाव सोडून त्यानं सुपेल्यात दुकान टाकलं होतं. हाताला कंप सुटला, दुकान गेलं, स्वतःची दाढीही करता येईना. त्या रविवारी तुम्ही त्याला क्वार्टरच्या अंगणात खुर्ची दिली, आईला चहा ठेवायला लावला आणि मला म्हणालात, "यायच्यापासून शीक. यायच्याच गालावर शीक." मी आत जाऊन भांडलो. "दीक्षा घेऊन मान वर कराले तुमीच शिकवलं, अन् आता याची दाढी करून देऊ मी?" तुम्ही एवढंच बोललात, "कसब त्याच्यापाशी हाय. रुसून ते भेटते काय?" हे तुमचं नेहमीचंच. कुणाला चार शब्द सुनवायची वेळ आली की तुम्ही शहाणे व्हायचे.

त्यानं शिकवलं, ते नाही कसं म्हणू. चामड्याच्या पट्ट्यावर धार मागं ठेवून वस्तरा ओढायचा. गालावर पातं जवळजवळ झोपवायचं, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, केस ज्या अंगानं वळतात त्याच अंगानं उतरायचं. "हात हलका हाय तुहा," म्हणाला आणि मान मागं टाकून, डोळे मिटून बसला. एक गाल साफ झाला. मग हनुवटीखाली कापलं आणि फेस लाल झाला. तुम्ही धावत आलात आणि हात जोडलेत. त्याच्यापुढं. "माफ करा दादा, पोरगं नवीन हाय." ज्यानं तुम्हाला लग्नाच्या दिवशी हाकललं, त्याच्यापुढं. मी किती महिने तुमच्याशी धड बोललो नाही.

त्यानं तुरटी मागितली, थरथरत्या हातानं जखमेवर दाबून धरली आणि माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धी राह्यली. पुरी कर." आणि पुन्हा डोळे मिटले. मी पुरी केली.

हे पत्र टाकणार तरी कुठं? वस्तऱ्याच्या डब्यातच ठेवतो. बापानं त्या दिवशी मान खाली घालायला लावली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण बाबा, वस्तरा सटकला नव्हता. मी दाबला होता. त्याला ते कळलं होतं, जन्मभर वस्तरा धरलेला माणूस तो. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुमचे हात माझ्यामुळं जोडले गेले.