यायची बटाट्याची तोफ

१२ जानेवारी २००८

माझा गॅसचा लायटर पुन्हा गायब! चहा ठेवाले गेले तर जागेवर नाई. बाहेर येऊन पाह्यते तर आमचे मालक अंगणात बसून बोरवेलच्या उरलेल्या पाइपाले माझा लायटर बांधून राह्यले. हे काय म्हणलं, तर म्हणे — "तोफ!" पन्नाशी उलटली अन् तोफ!

हायवे रुंद कराले नेरडीगोंड्याकडची झाडं पाडली तशी माकडं आमच्या वावरात येऊन पडली. वांगं ठेवत नाईत, टमाटं ठेवत नाईत. उद्धवभाऊजी, माझे धाकटे दीर, म्हणले, "दादा, गोफण घे, दगड हाण." यायनं दोन्ही कान धरले. "मारुतीचं लेकरू हाय ते. दगड कसा मारू? बटाटा मारतो. लागला तरी खायचीच वस्तू!"

आज शनवारचा उपास यायचा. उपाशी पोटी माणसाले काय काय सुचते!

१३ जानेवारी

वेल्डिंगवाल्याकडून कार्बाइडचे खडे आणले; पाणी टाकलं की गॅस निघते म्हणे. पहिल्यांदा नुसतं फुस्स. पुन्हा फुस्स. मी हसले तर रागावले. मग — धडाम! बटाटा पार नाल्यापलीकडं! गाय दावं तोडून पळाली. अन् हे लहान लेकरावाणी अंगणात नाचून राह्यले.

"सोने, एकदा तू उडव!"

मी म्हणलं, माझ्या बापानं तोफ उडवाले दिलं का मले तुमच्या घरी? तोंड एवढंसं झालं यायचं.

१६ जानेवारी

पुन्हा तेच. "एकदाच, सोने." नाई म्हणलं.

१९ जानेवारी

घ्या! माकडं धडाम ऐकून पळत नाईत. धडाम झालं की उलट नाल्यापलीकडं येऊन बसतात — बटाट्यासाठी! यायची तोफ म्हणजे जेवणाची घंटा झाली.

अन् कावळे? चिंचेवर एक नाई. रोज भाकरीचा पहिला तुकडा त्यायले टाकते मी. परवाचा तुकडा तसाच वाळून पडला. मले लई राग आला. माकडं पोसली अन् कावळे हाकलले, कोण्या कामाची तुमची तोफ? तर हसतात! "येतील कावळे. तू उडवून तर पाह्य."

"मरेन पण हात नाई लावणार," म्हणलं मी.

२२ जानेवारी

हे गेले.

२६ जानेवारी

वांग्याच्या ओळीत पडले. टोपली हातातच. भाऊजींनं जीप आणली, पण आदिलाबादचा दवाखाना येईस्तोवर दम नाई धरला. आयुष्यात कोणाले ताटकळत ठेवलं नाई, जातानाही नाई ठेवलं.

लेकरूबाळ नाई आमाले. दोघंच होतो एकमेकाच्या डोक्याले ताप. घर खायाले उठते.

आज यायचा सदरा धुवाले काढला. खिशात लायटर, तोफेवरून सोडलेला. कितीक दिवस माचिसवर भागवलं मी, अन् यायच्या नावानं ओरडले. आता कोणावर ओरडू?

३१ जानेवारी

दहावा झाला. आमच्याच वावराखाली, नाल्यावर. भाऊजींनं केलं सारं. पिंड ठेवला अन् सारे बाजूले सरून बसलो. कावळा नाई.

भाऊजी हात जोडून बोलले, "दादा, वावर मी पाह्यतो." नाई. "वैनीले अंतर देणार नाई." नाई आला. सारे आभाळाकडं पाहून राह्यले. एक म्हातारी म्हणली, "कशात जीव अडकला वं अमृतरावचा?" मागून कोणीतरी बोललं, "कावळे येतील कुठून? यानंच तर उडवून लावले!" अन् हसले. हसले!

मले माहीत होतं कशात अडकला. जिभेवर आलं होतं — उडवते, एकदा उडवते मी तुमची तोफ! पण एवढ्या लोकात, नवऱ्याच्या दहाव्याले, बाईमाणसानं तोफेचं बोलावं? लाज वाटली. पदर तोंडात धरून बसले.

ऊन डोक्यावर आलं तवा महाराजानं दर्भाचा कावळा केला अन् शिववला. गवताचा कावळा! माझ्या माणसाले गवताच्या कावळ्यानं वाटे लावलं.

४ फेब्रुवारी

माकडं येतात. नाल्यापलीकडं बसतात, आमच्या अंगणाकडं पाहात. उठत नाईत लवकर. त्यायले कोणी सांगावं?

वांगी जून होऊन राह्यली. तोडाले जाववत नाई त्या ओळीत.

९ फेब्रुवारी

आज उडवली.

शनवार होता. यायचा उपास मीच धरला. तोफ कोपऱ्यातून काढली, पुसली, लायटर बांधला. यायनं कसं कसं केलं ते आठवत आठवत केलं. बटाटा ठासला. लायटर दाबला — फुस्स. मी मोठ्यानंच म्हणलं, "थांबा जरा! घाई नका करू, शिकू तर द्या मले." अंगणात कोणी नव्हतं.

मग धडाम! खांद्याले असा दणका बसला की खालीच बसले. बटाटा नाल्यापलीकडं नाई गेला, पाण्यातच पडला. एका माकडिणीनं उतरून काढला, हातावर चोळला अन् खाल्ला. मले हसू आलं. लई हसले. मग रडले, लाजबीज सोडून, मोठ्यानं. झालं का हो? झालं का मनासारखं?

भाऊजी धावत आले. "वैनी, काय झालं?"

काई नाई म्हणलं. बटाटा उडवला.

१० फेब्रुवारी

सकाळी चिंचेवर कावळा. एकच. भाकरी थापायची होती अजून, भातही नव्हता.

बटाटा ठेवला.

शिवला.