शीर्षकातलं वानर

प्रिय प्रमोदिनी,

बुलबुल आणि सिंहपुच्छ वानर यांची तुलना नेमकी कशाच्या आधारावर करायची? अख्खा उन्हाळा संशोधनाचा आराखडा लिहिण्यात घालवला, तो मंजूरही झाला, तरी मला हे सांगता येत नाही.

पडेगावच्या खोलीत मी अजून त्याच खिडकीशी बसते. कुंपणाच्या मेंदीत यंदा बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. मेंदी छाटताना ते गेलं. मी धावले, तर घरमालकीण आशाबाई म्हणाल्या, "अगं, बुलबुलच ना? लई पडलेत." काही दिवसांनी तीच जोडी पुन्हा काड्या वेचायला लागली. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो थकवाच.

तुझ्या अण्णामलाईच्या जंगलात वानराला एका पिल्लानंतर दुसरं व्हायला वर्षं जातात. वानरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून तुम्ही झाडाझाडांत दोरांचे पूल बांधता. प्रत्येकाला नाव आहे. हे असूयेनं लिहीत नाही. ती वानरं उरलीतच मोजकी. पण बुलबुल सगळीकडे आहेत म्हणून कुणी मोजत नाही, आणि मोजलेच नाहीत तर कमी झालेले कळणार कसे, एवढंच माझं म्हणणं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "द्वारका, बुलबुलाला फेलोशिप कोण देतं? शीर्षकात वानर घाल." मी घातलं. तू मैत्रीखातर तुझ्या नोंदी पाठवल्यास आणि फेलोशिप आली.

दादांनी सिल्लोडला पेढे वाटले. घरात पदवीच माझी पहिली, त्यात आता डॉक्टर. आई म्हणाली, "माकडांची डाक्टर व्हणार व्हय गं?" सगळे हसले, मीही हसले. मी ते वानर अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे मात्र त्या हसण्यात सांगता आलं नाही. त्याच दिवशी दादांनी काकांना बजावलं, फेलोशिप आहे तोवर माझ्या पोरीच्या लग्नाचा विषय काढायचा नाय.

परवा तुझी वानरं माझ्या तक्त्यात भरायला बसले आणि हात चालेना. तुझ्या नोंदी सोबत परत पाठवते आहे. एकही वापरलेली नाही. रागावू नकोस. मंगळवारी विभागात जाऊन फेलोशिप सोडत असल्याचं लिहून दिलं, आणि बाहेर पडायच्या आत दादांना फोन करून सांगितलं.

तुझीच,
द्वारका