फोन बंद करण्याआधीची हाक

बाबा, या हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण या पोराच्या हातात काही नाही हेच तुझ्या तोंडून आयुष्यभर ऐकलं. दुकानातलं टेबल मी केलं, मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्यांचं. समुद्रावर न्यायच्या फोनांना टायरच्या ट्यूबची पाकिटं शिवली, ती आज थळच्या निम्म्या होड्यांवर आहेत. जळालेल्या फोनांतून चांगले भाग काढून नवे फोन उभे केले. आणि कॉलेजची पायरी न चढता फोनची ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. तिचा पाया उघडा आहे, कुणालाही फुकट मिळतो, ते मी लपवत नाही. पण फोन चालू कसा व्हावा आणि बंद कसा व्हावा, हा भाग ओळ न् ओळ माझा.

तू गेलास तेव्हा आपल्याकडे फोन आले नव्हते, म्हणून सोपं करून सांगतो. फोनच्या आत शेकडो कामं एकाच वेळी चाललेली असतात, त्यांना प्रोसेस म्हणतात. एक जागा नोंदवते, एक निरोप पाठवते, एक नुसती बॅटरी खाते. बटण दाबलं की सगळ्या एकदम उठायच्या आणि जुना फोन गुदमरायचा. मी क्रम लावला. जिच्यावर दुसऱ्या अवलंबून, ती आधी. ती ‘तयार’ म्हणाल्याशिवाय पुढची उठणार नाही. बंद करताना याच्या उलट. हे आपल्या माणसांना का लागतं, तर बॅटरी वाचवायला ती दिवसातून कितीदा तरी फोन चालू-बंद करतात. जाळं टाकलं, चालू केला, जागा नोंदवली, बंद. वर स्क्रीन काळी झाली की लगेच पाठ उघडून बॅटरी उपसतात आणि कोरड्या डब्यात टाकतात, खारं पाणी लागू नये म्हणून. आत जागेची नोंद अर्धी लिहिलेली असते. ती गेली म्हणजे जाळं गेलं. म्हणून माझ्या सिस्टिममध्ये स्क्रीन सगळ्यात शेवटी विझते. आधी प्रत्येक प्रोसेसला हाक जाते: आवर. तिनं फाईल मिटायची, उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं.

ही हाक मी तुझ्याकडून उचलली. जाळं ओढणारा विंच सुरू करण्याआधी तू केबिनमधून ओरडायचास, “हात?” आणि दोरावरचा प्रत्येक जण आपल्या पाळीनं सांगायचा, “मोकला.” सगळ्यांचं आल्यावरच तू क्लच टाकायचास आणि विंच फिरू लागायचा. तू दारू प्यायलेला असलास तरी यात कधी चूक केली नाहीस, एका दिवसापर्यंत.

त्या दिवशी आपण खांदेरी बेटाच्या बाहेर आहोत. वारा फिरलाय, शेजारच्या होड्या केव्हाच बंदराकडे पळाल्यात, आणि आपलं भरलेलं जाळं खाली आहे. तू हाक देतोस. मी मोकळा म्हणतो, दुसरा खलाशी म्हणतो. मामा, आईचा सख्खा भाऊ, काही बोलत नाही. तो विंचच्या रुळावर वाकून दोराचा पीळ सोडवतोय. एक लाट आडवी येते, होडी कलते, आणि तू क्लच टाकतोस. ओला बांबू मोडावा तसा आवाज येतो. रूळ त्याचा पंजा घेतो, मनगट घेतो, मग कोपर. तू इंजिन बंद करतोस, तर जाळ्याच्या ओझ्यानं रूळ उलटा फिरतो आणि तोच हात पुन्हा दळतो. मामाचं ओरडणं मधेच तुटतं. तू कोयत्यानं दोर तोडतोस, तीन घाव घालून, आणि जाळं माशांसकट खाली जातं. बर्फाची पेटी लाल झालेली मला अजून दिसते.

धक्क्यावर मामाच्या भावांनी तुला वल्ह्यांनी मारलं. मी बाजूला उभा होतो, मधे पडलो नाही. तुझा जबडा फुटला, दात चिखलात पडले, तू एकदाही हात उचलला नाहीस. तो तू घरी येऊन उचललास. मी एवढंच विचारलं होतं, की मामाचं उत्तर येईपर्यंत का थांबला नाहीस. तू इंजिनाचं लोखंडी हँडल घेतलंस. पहिला फटका माझ्या गळ्याच्या हाडावर बसला, दुसरा मधे आलेल्या आईच्या पाठीवर. फुटक्या जबड्यानं तू बोललास, “हात त्याचा व्हता. त्यानं संभालाचा.” पुन्हा आपण त्यावर बोललो नाही. मग तू मेलासच.

गेल्या महिन्यात फोनच्या एका कंपनीचा माणूस मांडव्याला उतरून दुकानात आला. शिकलेला, बोलायला गोड. काम बघून खूश झाला. त्यांना माझी सगळी सिस्टिम हवी होती, फक्त थांबणं नको. बटण दाबताच स्क्रीन काळी झाली पाहिजे, गिऱ्हाइकाला तेच आवडतं. मी म्हटलं, आणि ज्या प्रोसेसचं लिहिणं चालू आहे तिचं काय? तो हसला. “उत्तर देत नाही ती मेलेलीच धरायची, दादा. मारून टाकायची.”

त्याचा हात टेबलावर होता. मी तो मनगटाशी धरून फळीवर दाबला, माझ्या दुसऱ्या हातात तापलेली सोल्डरिंगची सळई होती. तो म्हणाला, हात सोडा. पुन्हा म्हणाला. मला ऐकू येत होतं, बाबा. मी सोडला नाही. मामा दुकानाच्या दारात बसतो रोज. त्यानं उठून उरलेल्या डाव्या हातानं माझी मान धरली, तेव्हा सुटला.

माणूस गेल्यावर मामा म्हणाला, “येडा हायेस तू. इकून टाक ना. फोनमंदी कोनाला हात हायेत?” मग माझ्याच सिस्टिमचं विचारू लागला. उत्तर आलंच नाही तर तुझा फोन किती वेळ थांबतो? मी सांगितलं, आठ सेकंद. मग? मग मारतो. नाहीतर कमी बॅटरीचा फोन वाट बघतच संपेल आणि सगळ्याच नोंदी जातील. मामा खिशात बिडी शोधू लागला. ती पेटवून म्हणाला, “मंग हद्द तू बी घातलीस.”

त्या दिवसापासून हेच डोक्यात आहे. हाक आणि क्लच यांच्यामध्ये तू किती थांबलास? मी तिथेच होतो आणि मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी शून्य धरून चाललो. लाट आडवी आली होती, होडीत चार माणसं होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय. तुला माफ केलं असं नाही. हँडल मी विसरणार नाही, आईची पाठही नाही.

त्या माणसाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. सिस्टिम कायमची त्यांची, थांबायचा भाग काढून, वर मला पुण्यात नोकरी. मी नाही म्हटलं. हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहितो: मामाला आणि घरात मी आकडा कमी करून सांगितलाय, ऐकून हळहळतील म्हणून. चाळीस लाख देत होते.